कामाला आलेले पाहुणे

पाहुणे गेले की मागं काय राहतं? एखादा चार्जर, ओला टॉवेल, फार तर एका पायातला मोजा. आमच्याकडं हे सगळं राहतंच, वर प्रत्येकाची एकेक गोष्टही राहते. चार्जर कुरियरनं पाठवता येतो हो, गोष्टीचं काय करणार? ती घरातच पडून राहते. मग भांडी घासताना आठवते, एसटीत खिडकीशी बसल्यावर आठवते, आणि मी एकटीच हसते. किंवा एकटीच घाबरते. घाबरायचंच प्रमाण जास्त!

आधी सांगते, हे पाहुणे कसले. मार्गासनीवरून वेल्ह्याकडं जाताना डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. दारात उभं राहिलं की समोर राजगड. पुण्यातल्या एका संस्थेच्या मॅडमना कल्पना सुचली की शहरातल्या लोकांनी सुट्टी घेऊन आमच्या घरांत राहायला यायचं. सकाळी गावाचं काहीतरी काम करायचं, म्हणजे बांध घालायचा, भात लावायचं, गडावरचं टाकं साफ करायचं. दुपारनंतर देवळं, किल्ले, भोर असं फिरायचं. होमस्टे आमचा आणि शेजारच्या पारूकाकीचा. जीप बबनभाऊंची. आणि भोरला बी.ए. केलेलं म्हणून कोऑर्डिनेटर मी!

आता माझा स्वभाव. माझं माहेर सारोळ्याचं, हायवेच्या कडेचं. लहानपणी आई दिवसभर एकच ओरडायची, "वैशे, गाडी बघ! गाडी बघ!" इथं डोंगरात गाड्या नाहीत, तर मी बाकी सगळं बघत बसते. विंचू बघते, शेवाळ बघते, आभाळ बघते, पाहुण्यांच्या चपला बघते. बबनभाऊ म्हणतात, "वहिनी, तुमाला काळजी करायला काय मिळालं न्हाई तर तुमी त्याचीबी काळजी कराल."

*

पहिली बॅच आली तेव्हा मला आठवडाभर झोप नव्हती. यांना आमचं जेवण पचेल का, संडास आवडेल का, कुणाच्या पायावर दगड पडला तर काय! काम ठरलं होतं ओढ्याकडच्या उताराला दगडी बांध घालायचं. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "वैशाली, त्यांना खरं काम द्यायचं हं, नाटकी नको. हात मळले पाहिजेत."

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे अजिबात पटलं नव्हतं. "आगं, पावना दारात आला तर त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा का घमेलं? मार्गासनीपतोर तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई!"

मी समजावलं. आत्या गप्प झाल्या. आत्या गप्प झाल्या की मला जास्त भीती वाटते.

सकाळी पाहुणे चहा पिऊन, टोप्या घालून, हातमोजे चढवून तयार. एकानं तर फोटोसाठी कुदळ खांद्यावर घेतलेली. मी पुढं, ते मागं. उतारावर पोचलो आणि मी थांबलेच. बांध घालून तयार! खालपासून वरपर्यंत दगडावर दगड, सांधे भरलेले, वर माती ओढलेली. शेजारी वाडीतली झाडून सगळी माणसं घाम पुसत बसलेली आणि मधे आमच्या आत्या, पदर खोचून.

माझ्या डोळ्यांपुढं मॅडमचा चेहरा आला. पाहुणेही गोंधळले. कुदळवाला हळूच म्हणाला, "आजी, आता आम्ही काय करायचं?"

आत्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "आता बगा की! बगायलाच आलाय न्हवं?"

*

पारूकाकीला इंग्रजी शिकायची हौस फार. पाहुण्यांचा दिवस कसा जाणार हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेलं असतं, त्यातले शब्द ती पाठ करते. ब्रेकफास्ट, लंच, स्नॅक्स. शिवाय एका पाहुणीनं तिला ‘नो प्रॉब्लेम’ शिकवलं होतं. एवढ्यावर काकीचं सगळं भागतं.

एकदा तिच्याकडं बंगळूरची एक मुलगी उतरली होती. मराठी शून्य, हिंदी जेमतेम. मी त्या दिवशी बाकीच्यांना घेऊन विंझरला सामान आणायला गेले होते, पण जीव सगळा काकीच्या घरात. एकटी मुलगी, भाषा येत नाही, काही झालं तर बोलणार कुणाशी?

आणि झालंच! दुपारी ती मागच्या बाथरूममध्ये गेली, दार लावलं, तर मोरीच्या तोंडाशी हा लांबलचक साप! मुलगी बाहेर उडीच मारून आली आणि ओरडली, "स्नेक! स्नेक!"

काकी स्वयंपाकघरातून हसून म्हणाली, "नो प्रॉब्लेम!"

"नो, नो! स्नेक! बिग स्नेक!"

"नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम!" काकीनं आवाज आणखी गोड केला.

मुलगी रडकुंडीला आलेली. बाथरूमकडं बोट दाखवून नुसती "स्नेक, स्नेक" करतेय. काकीला नवल वाटलं, पण पाहुण्यांच्या तऱ्हा वेगळ्या असतात हे मीच तिला सांगितलेलं. ती गरम कांदाभज्यांची प्लेट घेऊन थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेली.

मी परत आले तेव्हा भजी अंगणभर सांडलेली, मुलगी ओट्यावर चढून बसलेली आणि काकी तिच्याही वरच्या पायरीवर! साप धामण होती, ती केव्हाच मोरीतून निघून गेली होती. पण काकी माझ्यावरच उखडली.

"स्नॅक काय म्हनती, बिग स्नॅक काय म्हनती! सरळ साप म्हनायला काय हुतं गं तिला?"

*

हरवलेल्या माणसाचा किस्सा सांगायचा तर अजूनही माझे तळहात ओले होतात.

कुलकर्णीकाका बँकेतून रिटायर झालेले, काकूंना घेऊन आले होते. अतिशय शिस्तीचे. बूट पॉलिश करून गड चढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. गडावरच्या टाक्यातला गाळ काढायला बॅच निघाली. पाऊस सरत आलेला, पण धुकं असं, की पुढच्या माणसाची पिशवी दिसायची, माणूस नाही. मी सारखी मोजत होते. एका वळणावर काका बुटाची नाडी बांधायला वाकले, हे मी पाहिलं. पुढच्या वळणावर मोजलं, तर काका नाहीत!

हाका मारल्या. धुक्यात हाक कुठं जाते कळत नाही, आपलीच आपल्याला परत येते. फोन लावला तर रेंज नाही. बबनभाऊ एका वाटेनं गेले, आमच्या वाडीतले दोघं दुसरीनं. बाकीच्यांना मी खाली आणलं आणि पायथ्याच्या देवळात बसवलं. मला नको नको ते दिसायला लागलं. घसरले असतील. चक्कर आली असेल. शुगरची गोळी घेतली होती का? कड्याच्या बाजूला तर गेले नसतील? त्या टोकाचा विचार आला की मी विचारच बंद करायची, आणि तो परत यायचा.

काकू मात्र शांतपणे संत्रं सोलत होत्या. मी त्यांचा हात धरला, म्हणजे धीर द्यायला. त्या म्हणाल्या, "घे गं, फोड खा. सापडतील ते. मंडईतसुद्धा असेच हरवतात."

ऊन वर आलं, धुकं निवळलं, तेव्हा बबनभाऊंची शिट्टी ऐकू आली. वरच्या धनगरवाड्याच्या बाजूनं! मी धावत चढले. बघते तर एका खडकावर कुलकर्णीकाका, हातात काठी, समोर शेळ्यांचा कळप. आणि बबनभाऊ त्यांना हात जोडून विनवतायत.

"काका, चला की खाली! समदी वाट बगत्यात."

"बबनराव, मला जागा सोडता येणार नाही. माझ्याकडं चार्ज आहे."

झालं होतं असं. वाट चुकून काका धनगरवाड्यावर पोचले. तिथल्या मावशीनं विचारलं, "कोन तुमी?" काकांनी खणखणीत सांगितलं, "मी व्हॉलंटिअर आहे. कामासाठी आलोय." मावशीला पहिला शब्द कळला नाही, दुसरं वाक्य बरोबर कळलं! तिला वेल्ह्याच्या बाजाराला जायचंच होतं. तिनं काकांना चहा पाजला, काठी हातात दिली, "ह्यास्नी त्या वावरात जाऊ देऊ नगा" एवढं सांगितलं आणि ती चालती झाली.

"काका, आम्ही मेलो होतो इथं काळजीनं!" मी अक्षरशः रडले.

"वैशाली, मला वाईट वाटतंय," काका म्हणाले, "पण हॅंडओव्हर झाल्याशिवाय मी आजवर कधी उठलेलो नाही."

मग आम्हीही तिथंच बसलो. दुसरं काय करणार! दिवस कलायला लागला तेव्हा मावशी आली. डोक्यावरची पाटी उतरवली, शेळ्यांवरून नजर फिरवली, वावराकडं बघितलं, मग काकांकडं. आणि मला म्हणाली, "बरा हाय की गडी. उद्याबी धाडा!"

*

भातलावणीची बॅच सगळ्यात गोड असते. चिखलात उतरेपर्यंत सगळे नाक मुरडतात, उतरले की बाहेर यायला तयार नसतात.

त्या वर्षी एक नवं जोडपं आलं होतं, मृणाल आणि तिचा नवरा. मृणाल आत्यांच्या शेजारी ओळीत रोपं लावत होती, बोलत होती, हसत होती, आणि एकदम तिची किंकाळी! बोटातली अंगठी गेली. साखरपुड्याची, हिऱ्याची.

अंगठी गेली त्याचं दुःख वेगळं. पण ती आमच्या वावरात गेली! उद्या कुणी काय म्हणेल? पाहुणे गावात आले आणि हिऱ्याची अंगठी गेली, एवढंच लोक सांगतील. चिखल कुणी सांगणार नाही. मृणाल कुणावर संशय घेणारी नव्हती, तरी वाडीतली प्रत्येक बाई आपापली ओटी झटकून दाखवायला लागली. ते बघून मला आणखी कसंतरी झालं.

सगळी कामं थांबली. लावलेली रोपं उपटली. चिखल पाटीत घेऊन पाण्यात कालवायचा, चाळणीनं गाळायचा. पाहुणे आणि आम्ही, सगळी गुडघ्यांवर. आत्यांनी तिथंच मेंगाईदेवीला नवस बोलला, "आई, पोरीची आंगठी दे, तुला साडीचोळी करीन." मृणाल रडतेय, तिचा नवरा बांधावर उभा राहून सारखा म्हणतोय, "जाऊ दे ना गं. राहू दे. वस्तू काय, येते आणि जाते."

आत्या मला हळूच म्हणाल्या, "बग, किती मोठ्या मनाचा हाय. न्हाई तर आमचे! घरात सांडशी घावंना म्हनून मला मायेरी धाडाया निगालं हुतं."

अंगठी काही सापडली नाही. ते गेले. पण मला चैन कुठलं! रोज सकाळी त्या खाचराला एक चक्कर. पाणी कमी झालं की बघ, खेकड्यांची बिळं बघ. रोपं उभी राहिली, पोटरीत आली, तरी माझी नजर मुळाशीच. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खाचरात पाय ठेवू द्यायच्या नाहीत. मृणालचा फोन यायचा, मी कानकोंडी होऊन "अजून नाही गं" म्हणायची.

एक दिवस मी रेंजसाठी देवळाच्या पाराशी गेले, तर तिच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज दबलेला, कुठल्या तरी जिन्यात उभा राहून बोलत असावा.

"ताई, सापडली का?"

"नाही हो. पण आम्ही सोडलेलं नाही. कापणीला परत बघू. तुम्ही काळजी करू नका."

"नाही, नाही, काळजी नाही. एक विनंती होती." "सापडली ना, तर सरळ मला कळवा. सोनाराकडं तेवढी दाखवू नका!"

मी फोन ठेवून घरी आले. आत्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. आत्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्या उठून उंबऱ्यात जाऊन बसल्या, डोंगराकडं बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मंग आता मेंगाईला काय सांगू? साडी खरी नेसवायची का तसलीच?"

*

भोरचा राजवाडा बघायला नेलेल्या बॅचचं छोटंसंच आहे. तिथं अधूनमधून शूटिंग चालू असतं. आमची बॅच आठवडाभर बांधावर राबलेली. रंग रापलेले, केसांत माती, बायकांच्या डोक्याला फडकी, पुरुषांचे पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडलेले. बरोबर पारूकाकी, तिला राजवाडा बघायचाच होता. पाहुण्यांनी भेट दिलेली टोपी आणि काळा गॉगल घालून ती जीपमध्ये पुढं बसली होती.

मी पार्किंगची सोय बघून येते म्हटलं आणि आले तर माझी माणसं गायब! फोन सगळ्यांचे बंद. इतक्या मोठ्या गर्दीत, दोऱ्या, ट्रॉल्या, लाईटच्या वायरी, कुणी अडकून पडलं तर? मी दारावरच्या माणसाला विनवतेय, तो म्हणतो आत टेक चालू आहे.

बऱ्याच वेळानं पाहुणे बाहेर आले, चेहरे फुललेले. आतल्या एका माणसानं त्यांना बघून हाक मारली होती, "ए गावकरी, इकडं या, घोळक्यात उभे राहा!" आणि हे सगळे आयटीवाले जाऊन घोळक्यात उभे राहिले.

सगळ्यांच्या मागून काकी आली. गॉगल हातात, तोंड एवढंसं.

"काय झालं काकी? तुम्ही नाही उभ्या राहिलात?"

"उबी ऱ्हायले हुते की! त्यो मुडदा म्हनतो, मॅडम, तुमी टुरिस्ट लोकांनी मागं थांबा!"

*

आता एक किस्सा सांगते आणि उठते. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

निनाद एकटाच आला होता. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, आवाज इतका हळू की दोनदा विचारायला लागायचं. तो पोचायच्या आधी त्याच्या आईचा फोन पोचला.

"वैशालीताई ना? निनाद येतोय. त्याला एकटं सोडू नका, प्लीज."

"का हो? बरं नाही का?"

"तसं काही नाही. पण एकटं सोडू नका."

बास, एवढंच. पुढं सांगेनात. पहाटे फोन, जेवायच्या वेळी फोन, संध्याकाळी फोन. "काय करतोय? जेवला का? कुणाशी बोलला का?" आमच्या घरात रेंज नाही, देवळाच्या पाराशी जावं लागतं. मी पाराशी गेले की निनाद एकटा, आणि घरी थांबले की त्याची आई तिकडं तळमळणार! माझी दोन्हीकडून ओढाताण.

त्याला मी आत्यांच्या हवाली केलं. आत्यांनी काही विचारलं नाही. ढासळलेल्या जुन्या बांधाशी त्याला नेलं, "ह्यो दगुड हितं, त्यो तितं" सांगितलं आणि स्वतः निवडणं घेऊन सावलीत बसल्या. निनाद दगड उचलायचा, फिरवायचा, बसेना तर परत काढायचा. आत्या तांदूळ निवडायच्या. दोघं दिवसच्या दिवस असे, एक शब्द नाही. मी लांबून बघायची. मला ती शांतता सोसवायची नाही.

त्याचं आठवणीतलं एकच वाक्य म्हणजे जेवताना, "बास, आजी." आत्या तरी वाढायच्याच.

मग राजगडाचा दिवस आला. मी आधी बेत मोडायचाच ठरवलं होतं. पण बॅचमधले बाकीचे ऐकेनात, त्यांची सुट्टी त्याच्यासाठीच होती. निनादला म्हटलं, "तू दमला असशील, थांब आत्यांजवळ." तो म्हणाला, "नाही. मला वर जायचंय." ते ‘वर जायचंय’ ऐकून माझं काय झालं असेल तुम्हीच बघा.

बबनभाऊंना सगळं सांगितलं. ते पुढं, मी मागं, मधे निनाद. सगळी चढण मी त्याच्या टाचा बघत चढले. माचीवर गेल्यावर बाकीचे फोटो काढायला लागले, कुणाची तरी टोपी उडाली, बबनभाऊ तिच्यामागं गेले. मी क्षणभर तिकडं बघितलं, परत मान वळवली, तर निनाद पार कडेला जाऊन बसलेला. पाय खाली सोडून.

ओरडावं तर दचकेल. पळावं तर वळून बघेल, तोल जाईल. मी हळूहळू गेले. शेवटचं अंतर तर बसूनच सरकले. त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा मुठीत धरला. त्याला कळणार नाही असा, मागून.

तो समोरच बघत होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही थरथरताय. उंचीची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "हो रे. फार."

खरं तर मला उंचीची भीती नाही. डोंगरातच राहते मी.

"मग डोळे मिटा," तो म्हणाला. "खाली काय दिसतंय ते मी सांगतो."

मी डोळे मिटले आणि मूठ आवळली. आणि तो मुलगा बोलायला लागला हो! खाली पाणी आहे, त्याच्या कडेनं रस्ता जातोय, रस्त्यावर एक लाल एसटी आहे, इथून काड्यापेटीएवढी. आता ती वळली. आता झाडामागं गेली. परत दिसली. तुमच्या वाडीची कौलं दिसतायत. कुणीतरी अंगणात काहीतरी वाळत घालतंय. आजी असतील. एवढं तो आठवडाभरात बोलला नव्हता. बोलत राहिला, बोलत राहिला. बबनभाऊ येऊन मागं उभे राहिले तरी थांबला नाही. मग स्वतःच पाय वर घेतले, उठला आणि मला हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना आत्यांच्या पाया पडला. आत्या म्हणाल्या, "बांध आर्दा ऱ्हायलाय, ध्यानात ठेव." तो हसला. पहिल्यांदाच.

त्याच्या आईचे फोन थांबले. मला वाटलं, चला, सुटले.

दिवाळी झाली आणि एका बॅचबरोबर एक बाई आल्या. साध्या, पांढऱ्या केसांच्या, काळजीपूर्वक घडी घातलेली कॉटनची साडी. जीपमधून उतरल्या आणि म्हणाल्या, "मी निनादची आई."

आवाज ओळखीचा, माणूस पहिल्यांदा बघत होते. निनाद कसा आहे विचारलं. "बरा आहे. नोकरीला लागला," म्हणाल्या. आणि पुढं काही नाही. फोनवर इतक्या बोलणाऱ्या बाई, इथं आल्यावर तोंड मिटलेलं. भाकरी अर्धी खायच्या, उरलेली ताटात फिरवत बसायच्या. आत्यांनी त्यांना बांधाकडं नेलं, "ह्या बाजूचं समदं तुमच्या लेकानं रचलंय" म्हणून दाखवलं. त्या एका दगडावर हात ठेवून बसल्या, त्या ऊन उतरेपर्यंत. आत्या घरी येऊन मला नुसतंच म्हणाल्या, "जरा लक्ष ठिव."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"वैशाली, मला गडावर न्याल? निनाद जिथं बसला होता ना, तिथं. मला बसायचंय थोडा वेळ."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी म्हटलं, हो, नेऊ की. बबनभाऊंना विचारून येते. आणि चपला न घालताच बाहेर पडले. पाराशी पोचते न पोचते तोच फोन वाजला. निनाद!

"ताई, आई आली आहे ना तुमच्याकडं?"

"आली आहे. अरे, काय झालंय त्यांना? मला काहीतरी सांग!"

मग तोच हळू आवाज.

"गडावर न्यायला सांगितलं का तिनं?"

"हो. आत्ताच."

"न्या. अडवू नका. तिच्या शेजारी बसा. तिला बोलू द्या." मग तो म्हणाला, "आणि ताई, तेव्हा माझा धरला होतात ना, तसाच तिच्या पिशवीचाही पट्टा धरा. सोडू नका."